पीसीव्ही ५६ आला, आता काय?

वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागल्यापासून जिमवाल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रं आली. त्यातले रक्त घट्ट होण्याबद्दलचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. नावं छापलेली नाहीत. शरीर कमवायला स्टेरॉइड घेऊ नये हे आमचं मत आहेच, पण जो घेऊन बसला आहे त्यालाही नीट उत्तर मिळायला हवं.

प्रश्न : वय २९, राहणार मानेवाडा, नागपूर. पाच महिन्यांपासून टेस्टोस्टेरॉन आणि बोल्डेनोन चालू आहे. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १८.९, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ६.७, पीसीव्ही ५६ आलं. ट्रेनर म्हणतो, एकदा रक्तदान कर, मोकळा होशील. चेहरा लाल दिसतो, बाकी काही त्रास नाही. कोर्सचे सहा आठवडे उरले आहेत.

उत्तर : आधी आकडा समजून घ्या. पीसीव्ही, म्हणजेच हिमॅटोक्रिट, ५६ याचा अर्थ १०० मिली रक्तात ५६ मिली नुसत्या लाल पेशी. पुरुषांत हा आकडा साधारण ४० ते ५० असतो. ज्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी आहे म्हणून डॉक्टर ते देतात, त्यांचंसुद्धा औषध पीसीव्ही ५४ च्या वर गेला की थांबवतात. तिथला डोस जिममधल्या कोर्सच्या मानाने चिमूटभर असतो. तेव्हा पहिलं काम हे, की पुढचं इंजेक्शन टोचायचं नाही. उरलेले सहा आठवडे उरू द्या.

हे होतं कसं? टेस्टोस्टेरॉनमुळे एरिथ्रोपोएटिन हे लाल पेशी बनवायला लावणारं संप्रेरक वाढतं आणि अस्थिमज्जेला लाल पेशींची ऑर्डर वाढवून मिळते. त्याच वेळी यकृतातून येणारं हेप्सिडिन दबतं. हेप्सिडिन म्हणजे लोहाच्या कोठारावरचा राखणदार. तो झोपला की माल सुटतो आणि कारखाना तीन पाळ्यांत चालतो. ऑक्सिमेथोलोन, नँड्रोलोन ही औषधं ॲनिमियाच्या रुग्णांना दिली जायची ती याच गुणासाठी. बोल्डेनोन तर घोड्यांना द्यायचं औषध, आणि अंगातून निघायला आठवडेच्या आठवडे घेणारं. म्हणजे आज थांबलात तरी मागच्या महिन्याची इंजेक्शनं अजून काम करत राहणार.

घट्टपणा आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. साखरेचा पाक आठवा. बराच वेळ पातळच असतो आणि एकतारीचा दोनतारी कधी झाला ते कळतही नाही. पीसीव्ही ४५ चा ४८ होणं आणि ५४ चा ५७ होणं यात तोच फरक आहे. त्यात स्टेरॉइडमुळे चांगलं कोलेस्टेरॉल घसरलेलं, बीपी चढलेलं, हृदयाची भिंत जाड होत चाललेली. गुठळी व्हायला आणखी काय हवं?

आठवड्याभरात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा करा, पण रीतीने. आदल्या दिवशी व्यायाम नाही. रात्री आणि सकाळी मिळून दीड-दोन लिटर पाणी. सीबीसीला उपाशीपोट लागत नाही. लॅबमध्ये गेल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीत बसा, मगच रक्त द्या. दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाहून जास्त राहिला तर त्या हातातलं रक्त तेवढ्यापुरतं आटतं आणि आकडा फुगतो. तुमच्या शिरा पट्ट्याविनाही दिसत असतील, तेव्हा सांगायला लाजू नका. तहानलेल्या अंगाने दिलेल्या रक्तात दोन-तीन अंकांचा फरक सहज पडतो. पण ५६ चा ४८ त्याने होत नाही.

दोन्ही रिपोर्ट घेऊन फिजिशियन किंवा हिमॅटॉलॉजिस्टकडे जा आणि काय घेतलं ते खरं सांगा. न सांगितल्याचा तोटा असा, की डॉक्टर अस्थिमज्जेचा आजार शोधत बसतील. पॉलिसायथेमिया व्हेरा नावाच्या त्या आजारात हिमोग्लोबिन असंच चढतं. त्यासाठी रक्तातलं एरिथ्रोपोएटिन आणि जेएके-२ ची जनुकीय तपासणी करतात, आणि ती स्वस्त नाही. अर्थात इंजेक्शन थांबवून तीन-चार महिने झाले आणि आकडा तरीही खाली येत नसेल, तर ती तपासणी करायलाच हवी.

रक्त काढण्याबद्दल. ४५० मिली रक्त निघालं की पीसीव्ही साधारण तीन अंकांनी उतरतो. ५६ चा ५३. डॉक्टरांना गरज वाटली तर ते स्वतः बीपी पाहून, नोंद ठेवून रक्त काढतील, त्याला व्हेनिसेक्शन म्हणतात. पण मागून नळ चालूच असेल तर टाकी कितीदा उपसणार? लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून औषध थांबल्यावरही आकडा रुळावर यायला दोन-तीन महिने जातात. दर महिन्याला एक सीबीसी पुरे.

आणि एक. एकाच पोटरीला सूज व दुखणं, अचानक धाप, छातीत दाब, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका डोळ्यासमोर अंधार: यापैकी काहीही झालं तर व्हॉट्सॲपवर ट्रेनरला विचारू नका. १०८ ला फोन करा किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय, मिहानचं एम्स, जे जवळ असेल तिथल्या आकस्मिक विभागात जा.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी शिबिरात रक्तदान करतो, त्यामुळे कोर्स चालू असूनही पीसीव्ही ५० च्या आसपास राहतो. पण हल्ली जिना चढताना दम लागतो आणि रात्री पाय चाळवतात. फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ८ आलं. रक्त तर भरपूर आहे, मग हे कसं? (सक्करदरा)

उत्तर : रक्त भरपूर आहे, लोह संपलं आहे. ४५० मिलीच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. आपलं आतडं दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषतं. हिशेब तुम्हीच करा. इंजेक्शन मज्जेला पेशी बनवायला लावतं, आणि लोह नसल्यामुळे मज्जा लहान, फिक्या पेशी बनवते. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) बघा, ८० च्या खाली गेलेला असेल. लोह स्नायूंना आणि मेंदूलाही लागतं, म्हणून दम आणि पाय चाळवणं. आता औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून सुरू केल्यात तर कोर्स चालू असताना पीसीव्ही पुन्हा उसळेल. आधी कोर्स बंद, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली लोह. हाच क्रम.

रक्तदानाचंही बोलायला हवं. पुरुषाला दोन दानांत ९० दिवसांचं अंतर लागतं. 'शिबिर वेगळं, पेढी वेगळी' म्हणून कोणी दीड महिन्यात पुन्हा हात पुढे करतं, तसं करू नका. फॉर्मवर औषधं आणि इंजेक्शनं विचारतात ते ज्याला रक्त चढणार त्या रुग्णाच्या काळजीपोटी. एका कुपीतून चौघांनी औषध ओढलं असेल, सुई वाटून घेतली असेल, तर बी व सी कावीळ आणि एचआयव्हीचा धोका असतो. संसर्ग नवा असताना तपासणीत तो निसटूही शकतो. केसांसाठी फिनास्टेराइड किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर थांबवून किमान एक महिना रक्त द्यायचं नाही. ते रक्त गर्भवतीला चढलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. स्वतःचा आकडा उतरवायला रक्तपेढी वापरणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : मी स्टेरॉइड कधीच घेतलं नाही, तरी आरबीसी ६.५ आहे. जिममधले माझ्यावर संशय घेतात. हिमोग्लोबिन १२.६, एमसीव्ही ६३. (जरीपटका)

उत्तर : तुमचं रक्त घट्ट नाही. पेशी संख्येने जास्त पण आकाराने बारीक आहेत, त्यामुळे एकूण हिमोग्लोबिन उलट कमीच आहे. एमसीव्हीला आरबीसीने भागा: ६३ भागिले ६.५, म्हणजे ९.७. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषाचा, संशय घ्यायचा. एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या, एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर निदान झालं. हा आजार म्हणावा असा नाही, मात्र लग्नाआधी जोडीदाराची तपासणी हवीच. फेरिटिन न बघता लोहाच्या गोळ्या खाऊ नका. संशय घेणाऱ्यांना एवढंच सांगा की घट्टपणा पीसीव्हीवरून बघतात, आरबीसीच्या संख्येवरून नाही.

विदर्भात हीच तपासणी आणखी एका कारणासाठी हवी: सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक दोष. आपल्याकडे अनेक कुटुंबांत तो आहे आणि वाहकाला आयुष्यभर कळतही नाही. वाहकाने कडक उन्हात, पाणी तोडून, जीव तोडून व्यायाम केला तर स्नायू फुटण्यापर्यंत वेळ येते. आणि ज्याला सिकलसेलचा आजारच आहे त्याने हिमोग्लोबिन चढवणारं काही घेणं म्हणजे वेदनेचा झटका ओढवून घेणं.

प्रश्न : मे महिन्यात स्पर्धा आहे. शेवटचे तीन दिवस पाणी तोडून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) घ्यायला सांगितलं आहे. पीसीव्ही आधीच ५३ आहे. चालेल का?

उत्तर : नाही. लाल पेशी तेवढ्याच राहतात आणि भोवतीचं पाणी जातं, म्हणजे ५३ चा ५७-५८ फक्त आटण्याने होतो. लॅसिक्स पोटॅशियमही ओढून नेतं. स्टेजवर गोळे येतात ते त्यामुळेच, आणि हृदयाचा ठोका चुकतो तोही. बाहेर पारा ४५ वर असताना हे करणारा माणूस स्पर्धेआधी रुग्णालयात पोचू शकतो. एरवीच्या दिवसांत व्यायामाआधी आणि नंतर कपडे काढून वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, आणि घाम फार आला असेल तर त्यातलं एक लिटर ओआरएसचं. एक लिटरची पुडी एका लिटरमध्येच, ग्लासात नाही.

प्रश्न : ग्रेपफ्रूटने पीसीव्ही उतरतो म्हणतात. इकडे ते महाग मिळतं. आपली संत्री चालतील का? सोबत रोज एक ॲस्पिरिन घेऊ का?

उत्तर : संत्री खुशाल खा, नागपुरात राहून न खाणं हा गुन्हाच. पीसीव्ही मात्र त्याने हलणार नाही. ग्रेपफ्रूटवर भिस्त ठेवू नका; त्याने कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, ते वेगळंच लचांड. ॲस्पिरिन एकही लाल पेशी कमी करत नाही. ते प्लेटलेट चिकटू देत नाही, आणि पोटात रक्तस्राव करू शकतं. डॉक्टरांनी दिलं तरच घ्या.

प्रश्न : सिगारेट ओढत नाही, फक्त खर्रा खातो. त्याने हिमोग्लोबिन वाढतं का?

उत्तर : धुराने वाढतं, कारण कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनची जागा अडवतं आणि शरीर जादा पेशी बनवतं. हुक्क्यानेही तेच होतं. खर्र्यात धूर नाही. पण निकोटिन बीपी चढवतं, आणि तोंडाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न : शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन आणि डॉक्टरांनीच दिलेलं टेस्टोस्टेरॉन जेल, दोन्ही चालू. पीसीव्ही ५२. वय ५४. (धरमपेठ)

उत्तर : दोन्हींनी पीसीव्ही थोडा वाढतो आणि दोन डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही. दोन्ही चिठ्ठ्या दोघांना दाखवा. शुगरची गोळी स्वतःहून बंद करू नका. जेलचा डोस कमी करता येतो का ते आधी विचारा.

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. जिममध्ये सुया घेत होता. रात्री असा घोरते की शेजारच्या खोलीत ऐकू येते, सकाळी डोकं दुखून राहिलं म्हणते. रक्त घट्ट निघालं म्हणून महिन्याभरापूर्वी त्यानं सगळं बंद केलं. तेव्हापासून जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, दार लावून पडून राहते. बंद केल्यानं बिघडलं का? (कामठी)

उत्तर : ताई, बंद केलं ते बरोबरच केलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येत होतं तोवर त्याच्या शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलं होतं. आता बाहेरचं संपलं आणि आतलं अजून सुरू झालं नाही. या मधल्या काळात थकवा, उदासी, चिडचिड, झोप बिघडणं हे सगळं होतं. काही महिने लागतात, कधी वर्षही. हा आळस नाही की नाटक नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा, विशेषतः वडिलांना. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे न्या. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन आणि ते बनवायचा हुकूम मेंदूकडून नेणारी संप्रेरकं, एलएच आणि एफएसएच, तपासतील. जिममधला कोणी 'यावर दुसरं इंजेक्शन आहे' म्हणत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मरणाच्या गोष्टी बोलला, तर त्याला एकटं सोडू नका आणि वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

घोरण्याची तपासणी वेगळी. जाड मानेच्या मुलांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास होतो. रात्रभर ऑक्सिजन कमी पडला की त्यानेही रक्त घट्ट होतं. आज रात्री तो झोपल्यावर दहा मिनिटं बसून बघा. घोरता घोरता मध्येच शांत होतो आणि मग दचकून श्वास घेतो का? तसं असेल तर मोबाइलवर चित्रण करून छातीच्या डॉक्टरांना दाखवा, ते स्लीप स्टडी सांगतील. आणि खोलीत उरलेल्या कुप्या, गोळ्यांची पाकिटं फेकू नका. पिशवीत घालून सोबत न्या. लेबलवर लिहिलंय तेच आत होतं असं नाही, तरी डॉक्टरांना सुरुवात तिथूनच करता येते.