वडिलांची शुगर पंधरा वर्षांची, तळपायाला मुंग्या येतात. पायाचा दाब मोजून घेण्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडील म्हणतात, "जखमच नाही तर तपासायचं कशाला?" अहो, जखम नाही तेव्हाच तपासायचं असतं. आमच्या घरात हे उशिरा कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर कोल्हापुरात सुभाषनगरला, धंदा चपलांचा. आबांनी उभा जन्म कोल्हापुरी शिवली आणि तीच घातली. एका चैत्रात जोतिबाला अनवाणी जाऊन आले आणि आठ दिवसांनी आईला चादरीवर डाग दिसला. उजव्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी जुना घट्टा होता, त्याच्या खाली जखम. आबांचं म्हणणं, "दुखत न्हाय तर काय धाड भरल्या?"

डॉक्टरांनी पायाची जाणीव तपासायची नायलॉनची तार काढली. १० ग्रॅम जोर पडला की ती वाकते. डोळे मिटायचे आणि तार टेकली की "हं" म्हणायचं. चवड्यावर तार वाकली तरी आबा गप्प. डॉक्टरांनी ती उचलली, जरा वेळ गेला, आणि आबा म्हणाले, "हं."

पुढं तळपायाचा दाब मोजणाऱ्या पाटीवरून अनवाणी चालवलं. स्क्रीनवर पावलाचा नकाशा उमटतो, कमी दाब निळा, जास्त तिथं लाल. आबांचा लाल ठिपका बरोबर घट्ट्याच्या जागी. घरी येऊन मी त्यांची जुनी चप्पल हातात घेतली, तर आतल्या चामड्याला त्याच जागी काळा, गुळगुळीत खड्डा. वीस वर्षं लोकांच्या चपला दुरुस्त करतोय, पण ही खूण कधी वाचली नव्हती. तुम्ही आजच वडिलांची चप्पल बघा.

चांगल्या पायाला एका जागी टोचलं की आपण नकळत भार दुसरीकडं टाकतो. बधिर पाय ते करत नाही, हजारो पावलं त्याच जागेवर आदळतात. मज्जातंतू खराब झाले की बोटंही आखडतात, हाडं खाली दाबतात, आणि घट्टा म्हणजे चपलेत कायमचा खडाच. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायात हेच पाहिलं होतं: पाय आपोआप सडत नाही, न जाणवणारा दाब तो फाडतो. मधुमेहींच्या चपलेत घालतात ते मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं, मायक्रोसेल्युलर) रबरही तिकडं कुष्ठरुग्णांच्या चपलांसाठी वापरात आलेलं.

तेव्हा पाटीची तपासणी जरूर करा, पण ती फक्त जागा दाखवते. चप्पल करून घेतल्यावर तिच्या आतला दाबही मोजता आला तर सोन्याहून पिवळं. जखम होऊन गेलेल्या पायाला तो २०० किलोपास्कलच्या खाली, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोच्या आत हवा, किंवा निदान ३० टक्क्यांनी उतरायला हवा. सेन्सरचे सोलही असतात, दाब जास्त वेळ राहिला की मनगटावरचं घड्याळ सांगतं. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधी जखम होऊन गेलेल्या लोकांवर ते वापरले, तेव्हा तळपायाच्या नव्या जखमा ७१ टक्क्यांनी घटल्या. अभ्यास लहान होता, आणि घड्याळाचं ऐकणारा माणूस हवा. आबांनी ते कपाटात ठेवलं असतं.

आता माझ्या तोंडून निघायला जड जातं ते: कोल्हापुरी बंद. खिळा नाही, वादीची शिवण आहे, सगळं खरं. पण तळ कडक, अंगठ्याला घासतं, मागं पट्टा नाही, त्यामुळं बोटांनी चप्पल धरून चालावं लागतं. त्याऐवजी आत मऊ, खाली टणक, मागं पट्टा, आणि बधिर पायाच्या चपलेला अंगठ्याची वादी नकोच. अंबाबाईला जायचं तर पहाटे, जाड सुती मोजे घालून. उन्हात तापलेली फरशी बधिर पायाला भाजते आणि कळत नाही.

घट्टा ब्लेडनं कापू नका, कुरुपाच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यात ॲसिड असतं. डॉक्टरांकडून तासून घ्या, तेवढ्यानं त्या जागेचा दाब जवळजवळ पाव भागानं उतरतो. पायातला रक्तपुरवठाही त्याच वेळी बघायला सांगा.

आमची आई रोज रात्री आबांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते. करोनात घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर सरफेस मोडवर ठेवून दोन्ही पायांच्या सारख्याच जागा मोजते. एका पायाची जागा सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सियसनं जास्त गरम आली, तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टर गाठायचे. पाऊल गरम, लाल, सुजलेलं आणि दुखत मात्र नाही असं झालं तर त्याच दिवशी, कारण आत हाड ढासळत असू शकतं.

आणि नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच. काढल्यावर लाली कुठं राहते ते बघा. वीस मिनिटांत गेली नाही तर चप्पल करणाऱ्याकडं परत न्या. आम्ही आबांची तीनदा नेली, म्हणजे मीच केलेली, मीच उसवली.