लॉ सीईटीला सुपरवायझरच गप्पा मारत होते, मधेच संगणक बंद पडला. आता तक्रार करून काही होतं का?

तुमच्या प्रश्नात चार तक्रारी आहेत. पेपर पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला, सुपरवायझर मोठ्यानं गप्पा मारत होते, मागची दोन मुलं एकमेकांना उत्तरं सांगत होती, आणि मधेच संगणक बंद पडल्यामुळे तुम्हाला दुसऱ्या जागेवर बसवलं. आणि विचारलंय की तक्रार केली तर फेरपरीक्षा होईल का, की आपल्यावरच उलटेल.

उलटणार नाही. पण एवढ्यावरून फेरपरीक्षाही होणार नाही, त्या आशेवर राहू नका. चारांतल्या एकाच तक्रारीत खरा दम आहे आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी अर्ध्या ओळीत उरकलीय. मीही तेच केलं होतं.

मी २०२३ च्या मे महिन्यात तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात नोकरी करता करता. सेंटर आलं नवी मुंबईत, एमआयडीसीतल्या एका इमारतीत. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडली, घणसोलीला उतरले आणि रिक्षावाल्याला पत्ता दाखवला. तो न वाचताच म्हणाला, "परीक्षावाली बिल्डिंग ना? बसा." तेव्हा १५० प्रश्न आणि १२० मिनिटं असायची, म्हणजे प्रश्नाला ४८ सेकंद. आता १२० प्रश्न झालेत, तुम्हाला पूर्ण मिनिट मिळतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शेवटच्या काही मिनिटांत उरलेल्या प्रश्नांवर ठोकून यायचं हे सगळ्यांचंच ठरलेलं. थोडक्यात, या परीक्षेत मिनिट गेलं की मार्क गेला.

आमच्या लॅबमध्ये दोन सुपरवायझर होते. विशीतली पोरं, गळ्यात ओळखपत्र, बहुतेक रोजावर आलेली. दिवसाचे पाचशे जेवण धरून की जेवण सोडून, यावर त्यांचं जे सुरू झालं ते थांबेचना. कायद्याचा एक उतारा मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा डोक्यात जेवण शिरलं. हात वर करून "जरा हळू बोला" म्हटलं की दोन मिनिटं शांतता, पुन्हा कुजबुज, पुन्हा आवाज. राग यायचाच.

साठाव्या प्रश्नाच्या आसपास माझी स्क्रीन गोठली. माऊस हलेना. "थांबा मॅडम, सर येतायत." सर आले, सीपीयूचं बटण दाबून धरलं, काळ्या पडद्याकडे माझ्याबरोबर बघत उभे राहिले आणि शेवटी मला मागच्या रांगेत नेऊन बसवलं. तिथल्या खुर्चीचा एक हात निघालेला. लॉगिन झालं, आधीची उत्तरं जागच्या जागी होती. मनगटी घड्याळ बाहेर पिशवीत, भिंतीवर घड्याळ नाही. मला वाटलं, अकरा-बारा मिनिटं गेली.

तिसऱ्या दिवशी मी सीईटी सेलला, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या कार्यालयाला, दोन पानी मेल लिहिला. त्यात 'मानसिक त्रास' हे शब्द चार वेळा आले होते. उत्तरात साधी विचारणा आली: आसन क्रमांक, बंद पडलेल्या आणि नंतर दिलेल्या संगणकाचा क्रमांक, आणि दोन्ही वेळी पडद्यावर दिसणारी उरलेली वेळ कळवा. रास्त विचारणा होती. मला फक्त आसन क्रमांक कळवता आला, तोही हॉल तिकिटावर छापलेला होता म्हणून.

गोम इथेच आहे. अशा परीक्षांमध्ये संगणक बंद पडला की पडद्यावरचा उलटा टायमर साधारणपणे तिथेच थांबतो आणि दुसऱ्या संगणकावर लॉगिन केलं की तिथूनच पुढे सुरू होतो. म्हणजे माझं कदाचित एक मिनिटही गेलं नसेल. कदाचित अकराच्या अकरा गेली असतील. मी घाबरून प्रश्नाकडे बघत बसले, टायमरकडे बघितलंच नाही. उशिराचंही तसंच. पंधरा मिनिटं उशिरा सुरू झालं, पण टायमर पूर्ण १२० मिनिटांपासून सुरू झाला असेल, तर तुमची घरी जायची लोकल चुकली, बाकी काही गेलं नाही.

पुढे लॉच्या पहिल्या वर्षाला असताना, शिकलेलं वापरून बघायची खाज म्हणून, मी माहिती अधिकारात त्या सेंटरचा त्या दिवसाचा अहवाल मागितला. एक कागद आला. उपस्थित इतके, अनुपस्थित इतके, आणि तक्रारींच्या रकान्यात 'निरंक'. आठवडाभर मी त्या सेंटरला शिव्या घातल्या. मग आठवलं की आम्ही पंधरावीस जण बाहेर वडापावच्या गाडीपाशी अर्धा तास तावातावानं बोलत होतो आणि एकानंही आत परत जाऊन चार ओळी लिहून दिल्या नव्हत्या. माझी जागा बदलल्याची नोंद करणं त्यांचं कामच होतं, ती त्यांनी केली नाही, हे खरंच. पण ती झालीय का, हे मीही विचारलं नव्हतं.

गेलेला वेळ आणि झालेला त्रास यात कोर्टही फरक करतं. १३ मे २०१८ ची क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, ऑनलाइन होती, कोचीच्या विधी विद्यापीठानं घेतलेली. ठिकठिकाणी लॉगिन होईना, संगणक बंद पडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं परीक्षा रद्द केली नाही. कोणाचा किती वेळ वाया गेला ते संगणकातल्या नोंदींवरून काढलं गेलं आणि मिळालेल्या वेळात त्या विद्यार्थ्यानं ज्या गतीनं बरोबर-चूक उत्तरं दिली, त्या हिशेबानं वाया गेलेल्या वेळाचे गुण ४,६९० जणांना धरले गेले. गोंगाटाचे, घामाचे, रडू आल्याचे गुण कोणालाच नाहीत. ऐकायला कठोर वाटतं, पण दुसरं मोजायचं तरी काय?

आणि हाच हिशेब दुसरीकडे उचलून लावला की काय होतं, ते २०२४ च्या नीटमध्ये दिसलं. काही केंद्रांवर वेळ कमी मिळाला म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले आणि त्यासाठी आधार घेतला क्लॅटच्या या निकालाचा. पण नीट कागदावरची परीक्षा, तिथे संगणकातली नोंद कुठून असणार? ओरड झाली, ते गुण काढून घेतले गेले आणि २३ जूनला त्यांच्यापुरती फेरपरीक्षा झाली. बसले ८१३. बाकीच्यांनी वाढीव गुणांशिवायचे आपले मूळ मार्क पत्करले. पूर्ण नीट रद्द करायला सर्वोच्च न्यायालयानं जुलैमध्ये नकार दिला.

आपल्याकडे २०२५ मध्ये एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेच्या, एका सत्राची फेरपरीक्षा झाली, हे तुमच्या कानावर असेल. पण तिथे २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे २१ प्रश्नच चुकीचे होते. ते सत्राला बसलेल्या प्रत्येकाचं नुकसान होतं. एका लॅबमधल्या गप्पा त्या पारड्यात बसत नाहीत.

तर आता. टायमर आठवतोय का बघा. उठलात तेव्हा किती होता, नव्या जागेवर बसलात तेव्हा किती होता. नक्की आठवत नसेल तर "अंदाजे" असं लिहा, पण आकडा लिहा, आणि आजच लिहा. आधी संगणकाचं, मग उशिराचं, मग बाकीचं, एका पानात. तुमच्या लॉगिनची नोंद तपासून पाहावी अशी स्पष्ट मागणी करा, कारण वेळ गेला की नाही हे तीच नोंद सांगेल. मागच्या मुलांबद्दल रांग कुठली आणि साधारण वेळ काय एवढंच, आणि त्या सत्राचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं ही विनंती. चित्रण कोणी कायम ठेवत नाही, म्हणून घाई. "सेंटर मॅनेज होतं" वगैरे लिहू नका. तसं लिहिलंत तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते आणि मुद्द्याचं राहून जातं.

उमेदवाराच्या लॉगिनमध्ये हरकती नोंदवायची सोय येते ती वेगळी, तिच्यात हे टाकू नका. ती प्रश्न किंवा उत्तर चुकलं असेल तर त्यासाठी असते. आमच्या वेळी प्रश्नामागे हजार रुपये पडायचे आणि एका मुलीनं भाबडेपणानं पैसे भरून तिथे सुपरवायझरची तक्रार लिहिली होती.

महिनाभरात काही कळलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, अर्ज ऑनलाइनही होतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून दुःख सांगायला जागा नाही, हे एका परीनं बरंच. केंद्राचा त्या सत्राचा अहवाल आणि स्वतःच्या लॉगिनची नोंद, एवढंच मागा.

मेल करा, पण सुट्टी मिळत असेल तर कागद हातानंही देऊन या. सीईटी सेलचं ऑफिस मुंबईत फोर्टात न्यू एक्सेलसियरच्या इमारतीत आठव्या मजल्यावर आहे. ठाण्याहून फास्ट लोकलनं सीएसएमटी, पुढे पायी. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या, आणि जेवणाच्या सुट्टीत जाऊन पोचू नका.