त्याला विचारू द्या

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे. परवा जेवताना म्हणाला, "आजीसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ती गेलीच ना?" त्याचे बाबा भडकले. तेव्हापासून तो घरच्या प्रार्थनेला बसतो, पण तोंड उघडत नाही. – एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, त्याच्या बोलण्यात अविश्वास कमी आणि दुःख जास्त आहे. आधी त्याच्याशी आजीबद्दल बोला. "देवाची इच्छा" म्हणून विषय मिटवू नका. मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय दोघं मिळून वाचा. "तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता," असं मार्था येशूला तोंडावर म्हणते. तो तिला गप्प करत नाही. कबरेकडे जाताना स्वतः रडतो, आणि मग तिच्या भावाला, लाजरला, मेलेल्यांतून उठवतो.

"लाजर उठला, मग आजी का नाही?" हे तो विचारणारच. विचारू द्या. पुनरुत्थानाची आपली आशा त्याला सांगा, आणि "का" याचं उत्तर आपल्यापाशी नाही हेही सांगा. बाबांना म्हणावं, एका रात्री त्याच्या शेजारी बसून "मलाही आईची फार आठवण येते रे" एवढं बोला. माझ्या मते घरच्या प्रार्थनेला तो पुन्हा तिथूनच येईल.

प्रश्न : दहावीची मुलं चर्चच्या तरुण संघात येतच नाहीत. रविवारी क्लास असतो म्हणतात. – मंडळीचे एक पंच, कळवा

उत्तर : क्लास खराच असतो, दादा. उपासनेत उभं राहून "आजकालची मुलं" असं बोलणं आधी थांबवा. ती आईवडिलांच्या शेजारी बसून ऐकतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. शनिवारी रात्री आठला कुणाच्या तरी घरी तासभर जमा. आणि काम द्या: शास्त्रपाठ वाचणं, पेटी-तबला, साउंड सांभाळणं. "तुझे तारुण्य कोणी तुच्छ मानू नये," हे पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं, पण ऐकायचं आहे ते आपण मोठ्यांनी.

प्रश्न : मुलगी उलट बोलली की मी तिला बायबलचे दोन अध्याय लिहायला लावतो. चूक आहे का? – एक वडील, वाशी

उत्तर : हो, आजच बंद करा. वचन ही शिक्षा झाली की ती मोठेपणी ते उघडणार नाही. "मुलांना चिरडीस आणू नका" हे इफिसकरांस पत्रात बापांनाच सांगितलं आहे. विश्वास सक्तीने येत नाही: कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. उलट बोलण्याबद्दल मोबाइल तासभर काढून घ्या हवा तर. बायबल मात्र तुम्ही स्वतः वाचत बसलेले तिला रोज दिसू द्या.