आयटीतली नोकरी सोडून पाण्याच्या मॉडेलिंगमध्ये पीएचडी करावी का? पुढे प्राध्यापकी मिळते का?

तुम्ही स्थापत्यमधून बीई, पाच वर्षं पुण्यात आयटी, पायथन हातात बसलेलं, घरची शेती सोलापूर जिल्ह्यात. नदी-धरणांची संगणकावर मॉडेलं करायची, त्यात पीएचडी करायची आणि पुढे शिकवायचं, हे जमेल का असं विचारलंय.

जमेल. पण पायथन येतं म्हणून जमेल असं वाटत असेल तर जरा थांबा. मी याच वाटेनं आलो, आता एका महाविद्यालयात शिकवतो. माझी पीएचडी जवळजवळ बुडाली होती, ती कोडमुळे नाही, एका बंधाऱ्यामुळे.

भीमेच्या एका उपनदीचं मॉडेल करत होतो. सॉफ्टवेअर होतं ‘स्वॅट’. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी टेक्सासमध्ये तयार केलेलं, फुकट मिळतं. पाऊस, माती, उतार, पिकं घातली की नदीचा रोजचा प्रवाह काढून देतं. पावसाळा छान जुळला. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र काही केल्या जुळेना. माझ्या नदीत पाणी वाहतंय आणि मोजणी केंद्राच्या नोंदीत जवळपास ठणठणाट. मग मी तेच केलं जे पुष्कळ जण करतात. खोल जमिनीत मुरून कायमचं जाणारं पाणी थोडं थोडं वाढवत नेलं. जास्तीचं पाणी गायब झालं, दोन्ही आलेख एकमेकांवर बसले, जुळणीचा गुणांक आला ०.८२. रात्री मित्रांना मिसळ खाऊ घातली.

दुसऱ्या दिवशी गाइड मॅडमनी एकच विचारलं, "अरे, खाली काळा पाषाण आहे. एवढं पाणी जातंय कुठं?"

उत्तर मला केंद्रावर पाण्याची पट्टी वाचणाऱ्या काकांनी दिलं. "पंधरा ऑक्टोबर झाला की वरच्या केटीला बर्गे घालतात. मग खाली काय येणार, साहेब?" केटी म्हणजे कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा, बर्गे म्हणजे पाणी अडवायला त्यात बसवायच्या फळ्या. वरच्या बाजूला असे तीन बंधारे होते आणि माझ्या मॉडेलमध्ये एकही नव्हता. गंमत म्हणजे लहानपणी मी असल्याच बंधाऱ्याच्या डोहात पोहायला शिकलोय. बर्गे कधी घालतात, कधी काढतात हे मला माहीत होतं, फक्त लॅपटॉप उघडला की ते आठवत नव्हतं. आठ महिन्यांचं काम पुन्हा केलं.

त्या ०.८२बद्दलही सांगतो, कारण पुढे प्रत्येक शोधनिबंधात हा आकडा तुम्हाला भेटेल. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० साली हे माप मांडलं. १ म्हणजे तंतोतंत जुळणी, ० म्हणजे तुमचं मॉडेल आणि नुसती सरासरी यांत फरक नाही. त्यात चुकांचा वर्ग घेतात, त्यामुळे मोठ्या प्रवाहाचं वजन फार पडतं. आपल्या नद्या चार महिने वाहतात आणि आठ महिने रेंगाळतात. इथे ‘पावसाळ्यात भरपूर, उन्हाळ्यात नाही’ एवढं जरी मॉडेलला कळलं तरी गुण बरे पडतात. शेतकऱ्याला प्रश्न असतो फेब्रुवारीतल्या पाण्याचा, आणि त्याच महिन्यातली चूक या आकड्यात दिसत नाही. कीथ बेव्हन या ब्रिटिश जलशास्त्रज्ञानं आयुष्यभर हेच लावून धरलंय की वेगवेगळे घटक धरूनही आलेख सारखाच चांगला जुळू शकतो, म्हणून जुळला याचा अर्थ बरोबर असा होत नाही. त्यांचं लेखन पहिल्या वर्षीच वाचा. मी चौथ्या वर्षी वाचलं.

तुम्ही सोलापूरकडचे, म्हणून उजनीचंही सांगतो. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत, म्हणजे एरवी वापरात न धरलेला तळाचा. पाणी वाटपाच्या ‘वीप’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये मृत साठ्याची रेघ आली की धरण पाणी सोडायचं थांबवतं. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, उजनी वजा अमुक टक्के, म्हणजे मृत साठ्यातलंही पाणी वापरलं जातंय. परदेशी परीक्षकाला हे वजा टक्के समजावून सांगताना माझी पुरती दमछाक झाली. त्याला वाटलं, टायपिंगची चूक आहे.

आता व्यवहाराचं. प्रवेशासाठी गेट ही परीक्षा द्या. त्याचे गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे नोकरी करता करता देता येईल. आयआयटी रुरकीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, त्याच गावात राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आहे. मुंबई आयआयटीत ग्रामीण पाण्यावर चांगलं काम चालतं. पोकरा या राज्य सरकारच्या शेती प्रकल्पासाठी गावोगावचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत तिथल्याच लोकांनी बसवली. तुमच्या पुण्यात खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, स्थापना १९१६ची. तिथे अजूनही धरणांच्या सिमेंट-वाळूच्या प्रतिकृती करून त्यांवरून खरं पाणी सोडतात. एकदा तरी बघून या, पडद्यावरचं पाणी किती गुळगुळीत असतं ते लक्षात येईल. बाहेर जायचं असेल तर नेदरलँड्समधलं आयएचई डेल्फ्ट हे या विषयाचं माहेरघर. ‘हायड्रोइन्फॉर्मॅटिक्स’, म्हणजे पाणी आणि संगणक यांची सांगड, हे नावच तिथल्या माइक अॅबट यांनी रूढ केलं.

पैशाचं म्हणाल तर कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. तुमच्या आताच्या पगाराशी तुलना करू नका, रात्री झोप लागणार नाही. पाच वर्षं धरा. त्यानंतरचा काळ पीएचडीपेक्षा अवघड. कायम जागांच्या जाहिराती थोड्या, उमेदवार ढीगभर. मी तीन वर्षं तासिका तत्त्वावर काढली, त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीचे पैसे नसतात. या काळात माझ्या बरोबरीचे दोघे सल्लागार कंपन्यांत गेले आणि त्यांचं उत्तम चाललंय. तुम्ही पस्तिशीत तासिका घेणार असाल तर घरी हे आत्ताच, स्पष्ट बोलून ठेवा. माझी आई अजून लोकांना सांगते, "तो पाण्याचं कॉम्प्युटर करतो," आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

माहितीचं घोडं कुठे पेंड खातं तेही ऐका. पुणे हवामान खात्याची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकटवार, म्हणजे नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाची, माहिती घरबसल्या उतरवता येते, ही मोठीच सोय. पण गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रेच्या प्रवाहाची माहिती गोपनीय असते. विषय निवडताना गोदावरी-कृष्णेकडे राहिलात तर अर्ज-विनंत्यांतली काही वर्षं वाचतील. कालव्यातून नेमकं किती पाणी कुणी घेतलं, हे मात्र इथेही कागदावर शोधून सापडत नाही. ते पाटकऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो चहा प्यायल्याशिवाय सांगत नाही.

मशीन लर्निंगचं तुम्ही शेवटी विचारलंय. २०१८ नंतर एलएसटीएम या, क्रमवार नोंदींतून शिकणाऱ्या न्यूरल जाळ्यांनी पाऊस-प्रवाहाच्या अंदाजात जुन्या मॉडेलांना खरोखर मागे टाकलंय, आणि तुमच्या आयटीतल्या हाताचा इथे फायदा होईल. पण त्या जाळ्याला नोंदी लागतात. माझ्या उपनदीच्या नोंदी त्याला दिल्या असत्या तर ऑक्टोबरात नदी आटते हे ते पटकन शिकलं असतं. बर्गे घातले म्हणून आटते हे शिकलं नसतं, आणि ज्या वर्षी उशिरा घातले त्या वर्षी तोंडावर पडलं असतं.

राजीनाम्याचं पत्र एवढ्यात लिहू नका. एचईसी-एचएमएस हे पावसावरून प्रवाह काढणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. गावाजवळचा एखादा ओढा निवडा, पावसाची माहिती घाला आणि तीन-चार शनिवार-रविवार त्यात घालवा. येत्या दिवाळीला गावी जाल तेव्हा त्याच ओढ्यावर जाऊन बघा आणि तुमच्या मॉडेलमध्ये काय काय नाही याची यादी करा. ती यादी करताना मजा आली तर मला इथेच लिहा. अर्जासाठी संशोधनाचा प्रस्ताव लागतो, तो त्याच यादीतून काढू.