क्रूझ जहाजाच्या एका नांगराने प्रवाळांचं खरंच इतकं नुकसान होतं का? नांगर न टाकता जहाज उभं राहू शकत नाही का?

होतं. पण मोठा गुन्हेगार नांगर नव्हे, साखळी.

नांगर दहा-एक टनांचा असतो. पडतो तिथले प्रवाळ चिरडतो. पण जहाज नुसत्या नांगरावर टिकत नाही. तळावर पसरलेली जड साखळी नांगरावरची ओढ आडवी ठेवते. साखळी कमी सोडली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर सुटतो. म्हणून ३० मीटर खोलीला साधारण पाच शॅकल सोडतात; शॅकल म्हणजे साखळी मोजायचं माप. एक शॅकल २७.५ मीटरचं, म्हणजे झाली १३७ मीटर. कडीची जाडी १०० मिमी असेल तर साखळीचं वजन मीटरला २२० किलोच्या आसपास, एकूण तीस टन! वारा फिरला किंवा प्रवाह उलटला की जहाज नांगराभोवती वळतं आणि हे सगळं तळावरून घासत जातं. पूर्ण फेरा झाला तर वर्तुळ साडेपाच हेक्टरचं. हवा शांत असेल तर बरीचशी साखळी जागची हलतही नाही, हेही खरं.

कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाला एका क्रूझ जहाजाने एका दिवसात ३,१५० चौरस मीटर प्रवाळ उद्ध्वस्त केल्याची नोंद १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिथल्याच व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट जॉन बेटाला 'विंडस्पिरिट' या क्रूझ जहाजाच्या नांगराने १२८ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद चर पाडला. दहा वर्षांनीही तिथली जखम म्हणावी तशी भरून आली नव्हती. घुमटासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. शिवाय मोडलेले तुकडे लाटांनी गडगडत राहतात, त्यांवर नवं पिल्लू प्रवाळ तग धरत नाही.

नांगराशिवाय उभं राहता येतं. बो थ्रस्टर (जहाजाच्या नाकाशी बसवलेले, आडवा रेटा देणारे पंखे) आणि फिरते प्रॉपेलर उपग्रहाच्या स्थाननोंदीवर जहाज जागच्या जागी धरतात. इंधन मात्र सतत जळतं, आणि उथळ पाण्यात प्रॉपेलरच्या झोताने उडालेली वाळू प्रवाळांवरच बसते. लहान बोटींना खडकात भोक पाडून सिमेंटने बसवलेल्या बोल्टला बांधलेला बोया (तरंगता खुंटा) पुरतो. क्रूझ जहाजाला तो खेळणंच.

माझ्या मते खरा उपाय जागेच्या निवडीत आहे. चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, तळ कशाचा आहे ते सांगणारी अक्षरं असतात: एस म्हणजे वाळू, एम चिखल, सीओ प्रवाळ. चूक कुठे होते? नांगरापुरता वाळूचा पट्टा बघतात, साखळीचं वर्तुळ बघत नाहीत. पट्टा अख्ख्या वर्तुळाला पुरायला हवा. खरं तर प्रवाळावर नांगर धरतोही वाईट: एक तर घसरतो, नाहीतर कपारीत अडकतो. काही ठिकाणी हा निर्णय कप्तानाच्या हाती ठेवलेलाच नाही; मेक्सिकोच्या आखातातल्या फ्लॉवर गार्डन बँक्सवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ पासून नांगर टाकायला बंदी केली आहे.

उचलतानाही घाई नको. जहाज हळूहळू नांगराच्या डोक्यावर आणायचं, साखळी उभी झाली की मगच नांगर उपटायचा. लांबूनच विंडलास (साखळी गुंडाळणारं यंत्र) ओढत राहिला तर वाटेतले प्रवाळ मुळासकट निघतात.