‘मी काही कामाचीच नाही राहिले’

“रोज सकाळी आरशापुढे उभी राहून ‘मी छान आहे, मी खंबीर आहे’ असं दहादा म्हणते. मोबाइलवर सांगितलं होतं तसं. पण मॅडम, म्हणून झालं की जास्तच रडू येतं. मी काही कामाचीच नाही राहिले.”

समुपदेशनाला आलेल्या, इंदूरच्या सुदामा नगरातल्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंची ही तक्रार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पूर्वी त्या क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहायच्या. सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि नोकरी सुटली. आता सासूबाई नाहीत, मुलगा कॉलेजात आणि पुन्हा कामावर जायची हिंमत होत नाही.

आरशापुढची वाक्यं पहिल्याच भेटीत बंद केली. कॅनडातल्या जोअन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच वाईट आहे, त्यांना असली वाक्यं घोकून बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य ऐकलं की मन लगेच उलट पुरावे काढू लागतं. तेव्हा वाक्य नको, पुरावा हवा, आणि तो रोजच्या वागण्यातूनच जमवावा लागतो.

त्याआधी एक खात्री करून घ्यायची. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, झोप-भूक बिघडणं, कशातच मन न लागणं असेल तर ते निव्वळ आत्मविश्वासाचं दुखणं नव्हे. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत १० किंवा त्याहून जास्त गुण आले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. मरणाचे विचार येत असतील तर गुण मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करायचा. बाईंचे गुण ८ आले. थकवा होता म्हणून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, दोन्ही ठीक निघालं.

मग आठवडाभराची नोंद. दर तासाला काय केलं ते लिहायचं आणि पुढे शून्य ते दहांपैकी दोन आकडे: मजा किती आली, जमलं किती. दुपारी दोन ते पाच मोबाइल पाहण्यापुढे एक आणि शून्य. सगळ्यात मोठा आकडा, आठ, कशापुढे होता? शेजारच्या काकूंच्या भिशीचा हिशेब जुळवून दिला त्यापुढे. बाईंना स्वतःलाच हे नवल वाटलं.

त्यांनी लगेच ठरवलं, रोज एक तास टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकायचं. तो तास कापून दहा मिनिटांवर आणला. तासाचा नेम चौथ्या दिवशी मोडतो आणि मोडला की ‘बघा, मी असलीच’ याला आणखी एक पुरावा मिळतो. वेळही घड्याळाची नाही: दुपारची भांडी आवरली की लॅपटॉप उघडायचा. घरात पाहुणे असतील त्या दिवशी फक्त एक नोंद, दोन मिनिटं. सवय अंगवळणी पडायला किती दिवस, हे सगळेच विचारतात. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

रात्री वहीत तीन ओळी, ‘मी अमुक केलं’ अशा. इथे बहुतेकांची गाडी घसरते. बाईंच्या पहिल्या ओळी होत्या: ‘मुलाला चांगले मार्क मिळाले’, ‘पाहुण्यांना पोहे आवडले’. दुसऱ्याचे मार्क आणि दुसऱ्याची जीभ! ते बदलून ‘बारा माणसांचे पोहे वेळेवर केले’ असं लिहायला लावलं. दुसरी खोड ‘पण’ची: ‘हिशेब जुळला, पण उशीर लागला.’ ‘पण’पासून पुढचं सरळ खोडायचं. आयुष्यभर जमाखर्च लिहिलेली बाई, आणि स्वतःच्या खात्यात फक्त खर्चच टाकत आलेली.

स्वतःला शिव्या घालणंही थांबवायचं होतं. त्यांच्या जागी कौतुक कोंबायचं मात्र नाही. ‘मी बावळट’ऐवजी काय झालं आणि पुढे काय, एवढंच: ‘गॅस नोंदवायचा राहिला. उद्या दहाला नोंदवते.’

नवऱ्यालाही एक काम दिलं. “तू हुशारच आहेस गं” हे मनाला चिकटत नाही. “भिशीतली दोनशेची चूक तू शोधलीस” हे चिकटतं. कुणी असं बोललं की बाईंनी “थँक्यू” म्हणून थांबायचं, “छे, त्यात काय” म्हणायचं नाही. हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं.

तिसऱ्या महिन्यात दोन दुकानांचे हिशेब घरी आले आणि एका जीएसटी रिटर्नमध्ये चूक झाली. रात्री फोन: “मी म्हणत नव्हते?” समजूत घातली नाही. कोणती नोंद चुकली, कशी सापडली, दुरुस्ती कशी होईल, एवढं लिहायला सांगितलं. एकदा भरलेलं ३बी, म्हणजे जीएसटीचं ते रिटर्न, बदलता येत नाही, फरक पुढच्या महिन्यात घ्यावा लागतो, हे त्यांनीच लिहिलं. सकाळी दुकानदाराला फोन करून चूक स्वतः सांगितली. त्यानं काम काढून घेतलं नाही, पुढच्या वेळी रिटर्न भरण्याआधी एकदा दाखवा म्हणाला. ती अट त्यांना अपमानाची वाटली. पुढच्या भेटीत बोलायला तोच विषय होता.