बाबांची तब्येत स्थिर आहे, मग ट्रान्सप्लांट आत्ताच करावं का?

प्रश्न: डॉक्टर, बाबा ५८ वर्षांचे, ईएफ (हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा) २५ टक्के. गोळ्या नीट चालू आहेत, वर्षभरात अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही, एक जिना न थांबता चढतात. काका म्हणतात तब्येत ठीक आहे तोवरच हार्ट ट्रान्सप्लांट उरकून टाका. काय करू?

उत्तर: काकांचा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो पण हिशोब उलटा आहे. नुसत्या ईएफवर हा निर्णय होतच नाही, २५ टक्केवाले कित्येक जण बाबांसारखे हिंडतफिरत असतात. खरी टेस्ट म्हणजे तोंडाला मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवतात आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात, बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग आणि ताण कमी करणारी गोळी) चालू असताना हा आकडा किलोमागे मिनिटाला १२ मिली किंवा कमी आला तर ट्रान्सप्लांटचा विचार करतात (अर्थात पेशंट खरंच दमेपर्यंत चालला असेल तरच, अर्ध्यात उतरला तर आकड्याला अर्थ नाही). १९९१ च्या एका अभ्यासातच दिसलं होतं की हा आकडा १४ च्या वर असलेल्यांना थांबवलं तरी चालतं, आणि आताची औषधं तर तेव्हापेक्षा कितीतरी चांगली आहेत.

नवीन हृदय म्हणजे जन्मभर इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या, इन्फेक्शन, किडनीला त्रास, कॅन्सरचा वाढलेला धोका, आणि पहिल्या वर्षातली जोखीम वेगळीच. स्थिर माणसाने ती आत्ता का घ्यायची?

मात्र वारंवार अ‍ॅडमिट व्हावं लागलं, बीपी कमी होऊन गोळ्या कमी कराव्या लागल्या, किडनी बिघडायला लागली, तर लगेच ट्रान्सप्लांट टीमला दाखवा. टेस्ट मात्र आत्ताच करून ठेवा.